साड्यांची सावली

प्रयोगाच्या नियमात बसत नाहीत, म्हणून कृषी संशोधक डॉ. अश्लेषाने सुभद्राबाईंना त्यांच्या शेतातल्या ड्रॅगन फ्रूटच्या वेलांवर ताणलेल्या जुन्या साड्या काढायला लावल्या. "उन्हानं जळतीन वं बाई," एवढंच म्हणून त्यांनी साड्या सोडल्या; अश्लेषा वहीत मान घालून नोंदी करत होती. नागपूरच्या मे महिन्यात वेल पिवळे पडले, मग सडले.

दोन वर्षांनी अश्लेषाच्याच संशोधनातून निघालं, की इथे उन्हाळ्यात या वेलांना सावली हवीच. तोंड लपवण्यात अर्थ नव्हता. ती खापरखेड्याजवळच्या त्या शेतावर गेली. वेलांच्या आधाराचे सिमेंटचे खांब तेवढे उरले होते आणि त्याच साड्यांच्या सावलीत गाय रवंथ करत होती.

"तुमचं खरं होतं," ती कशीबशी म्हणाली.

सुभद्राबाईंनी तिला गाईशेजारी सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"पुन्हा सांगतलं असतं वं," त्या म्हणाल्या, "पण तू लिहून राहिली होती."