पातळ उन्हातली आठ मिनिटं

“ताई, आज किती मिनिटं ठेवू?” नेच्याचं पान काचेखाली बसवत धाकट्या जावेनं विचारलं.

थोरलीनं आभाळाकडे पाहिलं. ऊन पातळ होतं, ढगांतून गाळून आल्यासारखं. अकरा वर्षं ती गच्चीवर पानाफुलांचे निळे ठसे काढत होती. असल्या उन्हात पंचवीस मिनिटांखाली कागद रंग धरत नाही, हे तिनं झोपेतही सांगितलं असतं.

धाकटी शिकायला आली तेव्हा थोरलीला कोण कौतुक! अंधाऱ्या खोलीत कागदाला औषध कसं फासायचं, उन्हानंतर पाण्यात धुतलं की पिवळं जाऊन निळं कसं उरतं, सगळं तिनं हाताला धरून शिकवलं. पण चार महिन्यांत धाकटीच्या कागदावर पानाची शीर न् शीर उमटू लागली, आणि कौतुक आटलं. थोरलीच्या नवऱ्याला आजवर ठसा उलटा की सुलटा कळला नव्हता. तोही धाकटीचा ठसा हातात घेऊन चक्क “वा” म्हणाला. त्यात वाचनालयाच्या बाईंनी दर्शनी भिंतीसाठी एकच ठसा हवा म्हणून कळवलेलं. दोघींनी उद्या एकेक नवा आणायचा, त्यातला एक लागणार. अकरा वर्षांत थोरलीचा ठसा घराबाहेर गेला नव्हता.

“आठ पुरेत,” ती म्हणाली.

धाकटीनं घड्याळ लावून आठ मिनिटं मोजली आणि कागद पाण्यात सोडला. पिवळं गेलं, पाठोपाठ निळंही गेलं. उरला धुवट डाग. फासलेला तो शेवटचाच कागद. ऊनच तसलं, औषधच जुनं, अशी उत्तरं थोरलीनं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही.

“माझ्या हातातच नाही ते,” धाकटी म्हणाली. “उगाच तुमची बरोबरी करायला गेले. तुमचाच जाऊ दे, ताई.”

थोरलीचा ठसा भिंतीवर लागला. बाईंनी तोंडभर कौतुक केलं. ती मान हलवत राहिली.

पुढच्या रविवारी ऊन लख्ख पडलं. थोरलीनं दोन काचा मांडल्या, आपल्या काचेखाली पान लावलं आणि जिन्यातून हाक मारली. कपड्यांच्या घड्या घालायच्यात, तुम्ही करा, असं धाकटीनं खालून सांगितलं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. पानाभोवतीचा कागद करपल्यासारखा काळवंडत गेला. थोरलीची नजर जिन्याकडे होती. शेजारी दुसरी काच रिकामीच तापत राहिली.