निळं पीस

जामबागच्या हिम्मतरावांनी पेनात बसवायला दिलेलं निळं पीस एकुलतं एक होतं. त्यांच्या बायकोने भरवून वाढवलेल्या लव्हबर्डचं. आता ती नाही आणि पाखरूही नाही. पेनासाठी ओतलेल्या पारदर्शक रेझिनमध्ये एकही बुडबुडा राहू नये, म्हणून पेन घडवणाऱ्या प्रणिताने पंप लावून सगळी हवा ओढून काढली होती. रेझिन घट्ट झालं तेव्हा आतलं पीस राखाडी दिसत होतं.

"चूक माझीच, काका. मी आजवर कोंबड्याचीच पिसं वापरली, त्यांत रंग असतो. हे मात्र आतल्या बारीक पोकळ्यांतल्या हवेमुळे निळं दिसायचं."

"आता परत नाही होणार?"

"नाही."

"बरं झालं बेटा, ती बघायला नाही."

त्यांनी पेन पिसाच्या जुन्या डबीत ठेवलं आणि हवा लागू नये म्हणून सवयीने झाकण घट्ट लावलं.