कार्तिकस्नान आणि पाण्यातला कान

मित्रांनो, मी पाण्याखाली ऐकणारा एक म्हातारा कान आहे. कागदोपत्री मला हायड्रोफोन म्हणतात. माझं पितळी कवच पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून घडलं आणि पोटात एक नाजूक चकती बसवली गेली. आवाजाची लाट तिच्यावर आदळली की इवलीशी वीज उठते, ती तारेतून वर जाते आणि वरची माणसं हेडफोन लावून ऐकतात. जन्मल्याबरोबर हातोड्यांचा दणदणाट ऐकल्यामुळे माझी सहनशक्ती उत्तम आहे.

तरुणपणी मी खडकवासल्याच्या धरणात उतरत असे. कॉलेजचे रावसाहेब सर मला स्वतःच्या हातानं पुसत. लांबवर होडीचं वल्हं हललं तरी मी सांगायचो, कारण पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो आणि फार दूर जातो. सर निवृत्त झाले आणि मी कपाटावर गेलो. पुढे बरीच वर्षं पंख्याच्या वाऱ्यानं कागद उडू न देणं एवढंच माझं काम. तेही मी मनापासून केलं.

मग त्याच कॉलेजचे विद्यार्थी, नम्रता आणि दिग्विजय, आले. त्यांना प्रोजेक्टसाठी पाण्यातून आवाजानं संदेश पाठवून दाखवायचा होता. पोहण्याच्या तलावाच्या एका टोकाला टिकटिक करणारा भोंगा, दुसऱ्या टोकाला मी. पण तलाव म्हणजे धरण नव्हे. एक टिक सरळ माझ्याकडे येते, तीच पुन्हा भिंतीवर आपटून येते, तळावरून येते, पाण्याच्या पृष्ठभागाला खालून धडकूनही येते. मे महिन्यात 'नमस्कार' पाठवला तर लॅपटॉपवर 'नननमममस' उमटलं. परीक्षक म्हणाले, "एकदा केलेला नमस्कार पुरतो आम्हाला," आणि दोघांना नापास करून गेले.

नोव्हेंबरात दुसरी संधी मिळाली. खराडीच्या एका कंपनीनं नम्रताला देऊ केलेली जागा तोवर राखून ठेवली होती. आता फसलं की नोकरी गेली. तिनं तोड काढली. एक टिक झाली की तिचे सारे प्रतिध्वनी विरेपर्यंत थांबायचं, मगच दुसरी. फक्त तलावात शांतता हवी.

वारज्यात तिच्या शेजारी आनंदीबाई राहतात. त्या म्हणाल्या, "तलावावरच्या आमच्या पहाटेच्या बॅचला ये गं. कार्तिकस्नानाचं व्रत आहे आमचं. स्नान आटोपेपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नाही."

झालं. पहाटेची वेळ ठरली, परीक्षकही स्वेटर घालून आले. बायका गळ्यापर्यंत पाण्यात उतरल्या. वर देवघरासारखी शांतता. खाली मात्र लग्नघरात कासार बसावा तसा किणकिणाट! हिरवा चुडा हातभर, जोडवी फरशीवर टकटक, आणि बोटांवर जप मोजताना प्रत्येक नामाला बांगड्यांची साथ. भोंग्याची टिक त्यात कुठच्या कुठे बुडाली.

दिग्विजयनं हेडफोन लावला आणि म्हणाला, "गेलाय यार हा. भंगारात टाकू." मग काठावर वाकून तो माझ्या दिशेनं 'हॅलो, हॅलो' ओरडला. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही, वरच्या वर परततो. मला काही ऐकू आलं नाही. त्याला तेवढा पुरावा पुरला.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. नम्रताचे डोळे भरून आले. तिनं हेडफोन स्वतःच्या कानांवर घेऊन मला वर उचललं, तर आवाज बंद. पुन्हा बुडवलं, तर पुन्हा किणकिण. तिची नजर बायकांच्या चुड्यांवर गेली, मग काठावर गुडघे टेकून तिनं हेडफोन आनंदीबाईंच्या कानांवर चढवला.

"काकू, हे तुमचं मौन," ती हळूच म्हणाली.

आनंदीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. बोलायची सोय नाही. बाकीच्यांना थांबवायला त्यांनी पाण्याखालीच हात हलवला, तर त्यांचाच चुडा त्यांच्याच कानांत खणाणला. त्या जागच्या जागी थिजल्या. मग नुसत्या डोळ्यांनी अशी जरब बसवली की साऱ्याजणी देवळातल्या मूर्तींसारख्या निश्चल झाल्या.

परीक्षकांनी एका चिठ्ठीवर शब्द लिहून भोंग्यापाशी बसलेल्या दिग्विजयला दिला. टिक. थांबणं. टिक. लॅपटॉपवर एकेक अक्षर उमटलं: सा, व, का, श.

"पोचलं," परीक्षक म्हणाले. "शब्दाच्या अर्थाप्रमाणेच." आणि त्यांनी उत्तीर्ण लिहिलं.

आनंदीबाईंनी उरलेल्या बुड्या मारल्या, स्नान पुरं केलं आणि दिवसाचा पहिला शब्द दिग्विजयसाठी खर्च केला. "अरे, भंगार काय म्हणतोस त्याला? इतकी वर्षं आम्ही गप्प आहोत असं आम्हालाच वाटत होतं. खरं ऐकलं ते यानं."

मित्रांनो, माझ्यासारख्याला वापरून झाल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, कोरडं पुसा, तार पिळू नका. आणि एखादा विचित्र आवाज काढायला लागला, तर तो बिघडलाय असं ठरवण्याआधी विचारा की त्यानं ऐकलं तरी काय.

नम्रता पौर्णिमेपर्यंत मला रोज तलावात सोडणार आहे. बायका आता बांगड्यांवर ओला रुमाल गुंडाळून उतरतात. थंडीनं दात मात्र वाजतात सगळ्यांचे, हनुवटी पाण्यात असल्यामुळे मला स्वच्छ ऐकू येतात. पण व्रत त्यांचं आहे. तेवढं मी वर कळवत नाही.