डाग वर येईपर्यंत

मुकादमाने चाळीस वर्षं लोकांच्या रस्त्यांवर डांबर ओतलं आणि निवृत्त झाल्यावर त्याच्या वाट्याला पंचवीस पावलांचा रस्ता उरला: फाटकापासून घराच्या पायरीपर्यंत. तोही त्याने स्वतःच टाकलेला. दर तीन वर्षांनी तो त्याच्या भेगा भरायचा, वर सीलकोटचा काळा थर ओढायचा आणि फाटकाला दोरी बांधून दोन दिवस माणूस काय, मांजरालाही आत पाऊल टाकू द्यायचा नाही. शेजारी थट्टा करायचे, घराच्या भिंतींना पोपडे आलेत आणि रस्ता मात्र नवऱ्यामुलासारखा नटवलाय. मुकादम ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. भिंती त्याच्या खात्यात येत नव्हत्या.

या रस्त्यावर पायरीजवळ ताटाएवढा तेलाचा डाग होता. धाकट्याची मोटरसायकल तिथे उभी राहायची आणि थेंब थेंब गळायची. त्यावरून बापलेकात रोज सकाळी जुंपायची.

"अरे, तेल म्हणजे डांबराला विष! जागा भुसभुशीत होते. कधी दुरुस्त करणार ती गाडी?"

"रविवारी नक्की, बाबा," असं म्हणून धाकटा हेल्मेट चढवायचा.

असे किती रविवार आले नि गेले. मग एका गुरुवारी कामावर जाताना ट्रकने त्याला उडवलं. रविवारी घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती आणि त्यांच्या चपला त्या डागाभोवती पडल्या होत्या. मुकादम चपला उचलून बाजूला ठेवत होता, तेवढंच काम त्याला सुचत होतं.

त्याला अडीच वर्षं झाली. बायकोला वेड वगैरे लागलं नव्हतं. ती स्वयंपाक करत होती, दुधाचा हिशेब चोख ठेवत होती. पण संध्याकाळी धाकट्याची यायची वेळ झाली की डागाशेजारी स्टूल टाकून बसायची, दिवसभरात काय काय झालं ते हळू आवाजात सांगायची, आणि मग उठून दिवा लावायची. मुकादम खिडकीतून बघायचा. सीलकोटचं वर्ष उलटून गेलं तरी त्याने डब्याला हात लावला नाही.

डांबर मात्र कुणासाठी थांबत नाही. कडा सुटल्या, भेगांतून गवत वर आलं. दोन गल्ल्या सोडून राहणारी थोरली लेक एक दिवस कंबर कसून आली.

"बाबा, रस्त्याची पार रया गेलीय. आणि तो डागही जाऊ द्या आता. आई त्याच्यापायी झिजतेय, दिसत नाही का तुम्हाला?"

दिसत होतं. म्हणून तर तो हो म्हणाला. पण डाग जाणार हे कळल्यावर त्या रात्री जेवताना बायकोने घास तसाच ताटात ठेवला, तेव्हा त्याने तिच्याकडे सरकून आवाज खाली आणला.

"अगं ऐक. तेल असं दबत नाही. आधी सोड्याने घासून, वर प्रायमर मारला तरच ते कायमचं मिटतं. मी तेवढ्या जागेला काही लावणारच नाही. नुसता सीलकोट ओढीन. थोरलीला बरं वाटेल. आणि महिन्या-दोन महिन्यांत डाग आपोआप वर येईल, बघ."

"नक्की ना हो?"

"चाळीस वर्षं काय भाजी विकली मी?"

ती हसली. अडीच वर्षांत पहिल्यांदा. घासही उचलला तिने.

दोन दिवसांनी, कोरडं ऊन बघून त्याने काम काढलं. गवत उपटलं, रस्ता झाडला, भेगांत गरम डांबर भरलं. पाहुण्यांच्या गाड्यांचे तेलाचे ठिपके फाटकापासून आत रस्ताभर विखुरले होते. सोड्याची बादली, तारेचा ब्रश आणि प्रायमरचा डबा घेऊन तो गुडघ्यांवर बसला आणि एकेक ठिपका काढत पायरीकडे सरकू लागला. बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. थोरली पायरीवर येऊन बसली.

"बाबा, आईला मी माझ्याकडे नेऊ का?"

"कशाला?"

"तिथे तरी ती माणसांशी बोलेल. इथे तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता तरी का? ती डागाशी बोलते, तुम्ही डांबराशी."

मुकादम पेटलाच. हात चालू ठेवून त्याने तिला खूप सुनावलं. संसार कुणाचा, बायको कुणाची, कालची पोरगी मला शिकवणार का. मग आवाज फुटला आणि तो म्हणाला, की तिला नेलंस तर मी या घरात काय करू, भिंती मोजू? थोरली रडायला लागली. तोही रडला. एकीकडे ब्रश चालला होता, पाणी ओतलं जात होतं, प्रायमरचा हात फिरत होता. चाळीस वर्षांच्या सवयीचे हात ते, त्यांना धन्याची गरज नव्हती.

"नाही नेत," थोरली डोळे पुसत म्हणाली. मग तिने खाली बघितलं. "अगंबाई! किती स्वच्छ निघाला!"

मुकादमाने खाली बघितलं. तो पायरीला टेकला होता. त्याच्या गुडघ्यांपुढे ताटाएवढी साफ जागा होती. त्याने तिच्यावर बोट टेकलं. प्रायमर धरलेला होता. काम नेहमीसारखंच अव्वल झालं होतं.

त्याला हाक मारून रडावंसं वाटलं, पण हाक कुणाला मारणार? तो उठला. सीलकोटचा डबा ढवळला, रबरी खोरं घेतलं, आणि पायरीपासून फाटकापर्यंत मागे मागे सरकत सगळा रस्ता काळा केला. मग फाटकाला दोरी बांधली.

तिसऱ्या दिवसापासून बायको रोज सकाळी चष्मा लावून पायरीजवळ वाकू लागली.

"आलाय का हो?"

"येईल. घाई नको."

संध्याकाळचं स्टूल ती तिथेच टाकायची, पण बोलायची नाही. "तो आल्यावर बोलेन," म्हणायची. महिना गेला. दोन गेले. रोज एकदा तिने विचारायचं आणि रोज एकदा मुकादमाने खोटं बोलायचं. खरं सांगायला त्याने दहादा तोंड उघडलं. दहाही वेळा ती चष्मा पुसत त्याच्याकडे इतक्या विश्वासाने बघत होती की त्याच्या तोंडून 'येईल'च निघालं. तिला फसवतोय याची त्याला लाज वाटत होती, आणि सांगितलं तर ती पुन्हा घास खाली ठेवेल याची भीती.

शेवटी एका सकाळी ती उठायच्या आत तो शेडमध्ये गेला. फळीवर धाकट्याचा इंजिन ऑइलचा डबा होता, तळाशी वाटीभर उरलेला. त्याने तो पायरीजवळ नेला आणि बरोब्बर त्या जागी सावकाश ओतला. मग आत येऊन खिडकीशी उभा राहिला.

तेल मुरेना. सीलकोट चोख होता. त्यावर तेल नुसतं चकाकत उभं राहिलं.

बायको बाहेर आली. वाकली. चष्म्यातून नीट बघितलं. मग स्वयंपाकघरातून फडकं घेऊन आली आणि जमिनीवर बसून तिने ते सगळं टिपून घेतलं. फडकं उचललं, तर खाली तेलाचा टिपूसही नव्हता.

"अहो!" तिने आत हाक मारली. "कुणी तरी तेल सांडलंय इथे. बरं झालं, वेळेवर दिसलं. आपल्या धाकट्याचा डाग वर आला असता, तर या तेलात ओळखला कसा असता आपण? जरा सोडा आणा ना. जागा स्वच्छ राहिली पाहिजे."

मुकादमाने सोडा आणला. तिच्या शेजारी गुडघे टेकले, आणि दोघांनी मिळून ती जागा लख्ख घासली.