दुसरा ब्रेक

माझी सून म्हणजे भोंगा. अकरा वर्षं ती लोकांना गाडी चालवायला शिकवते, आणि शिकवताना जशी ओरडायची तशीच घरी येऊनही ओरडायची. मी तिला तोंडावर भोंगा म्हणते, तीही मला सोडत नाही. लॉकडाऊन लागलं, तिची गाडी खाली पार्किंगमध्ये अडकून पडली, आणि दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की घरात कोणी ओरडतच नाहीये.

आधी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ती आंघोळ टाळायला लागली. वॉशिंग मशीनशेजारी स्टुलावर बसून राहायची, ताट पुढे ठेवलं तर दोन घास चिवडायची. मुलगा कानाला हेडफोन लावून बेडरूममधून ऑफिसचं काम करत होता. दमली असेल, पडू दे तिला, म्हणाला. आणि एका दुपारी भिंतीकडे बघत ती मला म्हणाली, “आई, उद्या मला जाग आलीच नाही तर किती बरं होईल.”

मी तडक बेडरूममध्ये गेले. मुलाचा हेडफोन मी स्वतः ओढून काढला. त्याच संध्याकाळी मनाच्या आजारांच्या एक डॉक्टरीणबाई व्हिडिओ कॉलवर समोर आल्या. त्यांनी गोळ्या दिल्या, गुण यायला तीनेक आठवडे लागतील म्हणाल्या. तोवर तिला एकटं सोडू नका आणि रोज तिचं स्वतःचं काहीतरी काम तिच्या हाताला द्या, असंही बजावलं. म्हणजे तीन आठवडे तिला धरून ठेवायचं होतं. रात्री मुलगा, दिवसा मी, असं आम्ही वाटून घेतलं.

वरच्या मजल्यावर माझी धाकटी बहीण राहते. तिला फोनवर सांगितलं तर तिने लगेच शहाणपण शिकवलं, की बोभाटा करू नकोस, उद्या तिच्याकडे गाडी शिकायला कोण येईल? मी फोन ठेवून दिला.

सुनेला म्हटलं, गाडीची बॅटरी उतरेल, चल, मला शिकव. मी चौसष्ट वर्षांची, मला साधी सायकल कधी आली नाही. तिने मानही हलवली नाही. मग दुसऱ्या दिवशी चार वाजता मी मुलाला तिच्याजवळ बसवलं, तिच्यादेखत किल्ली उचलली आणि खाली जाऊन गाडीत बसले. पायाखाली पेडलं दिसली, वाटलं जागा बरोबर आहे. मान वर केली तर स्टिअरिंग शेजारच्या सीटपुढे.

पाच मिनिटांत चपला फटफटवत ती खाली आली, मागोमाग मुलगा. पुरते सव्वीस दिवस ती दाराबाहेर पडली नव्हती.

“आई, ही माझी जागा. शिकणाऱ्याने तिकडे बसायचं.”

“मग तू बस तिकडे. माझे गुडघे दुखतात, मी उठत नाही.”

बसली. गाडी सुरू केली, थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं. माझ्या पायाखालचा ब्रेक शिकवणारीचा असतो, शिकणारा गडबडला की तिने दाबायचा, हे तिने मला सांगितलं. आवाज बारीक होता, पण होता.

मग रोज चार वाजता आम्ही दोघी गाडीत. इंजिन सुरू, पण गाडी जागची हलायची नाही. नवव्या दिवशी इमारतीच्या सेक्रेटरीने काचेवर टकटक केली. तक्रार आली आहे, खाली यायला बंदी आहे, म्हणाला. एका घरातल्या दोघी, आपल्याच गाडीत बसलोय, कोणाचं काय बिघडतं, मी विचारलं. तेव्हा मास्कच्या आतून हळूच म्हणाला, की सूनबाईंचं डोकं ठिकाणावर नाही असं कानावर आलंय, अशा बाईच्या हाती गाडी देणं बरं नव्हे. बहिणीचं तोंड कुठवर वाजलं होतं ते मला कळलं.

सुनेची मान खाली गेली. स्टिअरिंगवरचे हात मांडीवर आले. नऊ दिवस मी काय करून हिला इथवर आणलं होतं ते माझं मला माहीत. माझा असा संताप झाला की मी काच पूर्ण खाली केली आणि वरच्या गॅलऱ्यांपर्यंत जाईल अशा आवाजात बोलले.

“माझी सून आजारी आहे. मन आजारी आहे तिचं, औषध चालू आहे. यात लपवण्यासारखं काही नाही. ती रोज चार वाजता या गाडीत बसणार. तक्रार लिहायची तर माझ्या नावाने लिहा.”

मग काच वर केली. सेक्रेटरी गेला नाही, तिथेच उभा राहिला.

 मग सुनेने आरसा सरळ केला, बेल्ट ओढला, गिअर टाकला. गाडीने आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच.

“आई, ब्रेकवरचा पाय काढा.” अख्खं पार्किंग दणाणलं.

नऊ दिवस मी तो ब्रेक दाबून बसले होते. गाडीत शिरले की पाय आपोआप तिथे जायचा.

“जमेल तुला?” मी विचारलं.

“उद्याचं माहीत नाही. या खांबापासून त्या खांबापर्यंत आज नेते. काढा.”

मी पाय उचलला. गाडी हलली, सेक्रेटरी बाजूला सरकला. पाय मात्र मी फार लांब नेला नाही, ब्रेकच्या वर दोन बोटांच्या अंतरावर धरून ठेवला. तिने तो बघितला आणि नजर पुढच्या खांबावर ठेवली.