धारेखालचं न्हाण

लोणारची धार दाखवावी तर वैजनाथबुवांनीच, असं सगळं लोणार म्हणतं, हे वैजनाथबुवा स्वतःच सांगत. सकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर यात्रेकरू दिसले, की बुवा उपरणं सावरत हजर. आधी धार आणि धारेचं कुंड, मग खाली विवरात उतरून खारं तळं, तळ्याकाठचं कमळजेचं देऊळ, आणि चढून पुन्हा धारेवर. दुपारच्या जेवणाच्या आत सगळं उरकून द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या काळी वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले, आणि नागपूरचे गोरे साहेबसुद्धा हे विवर बघायला येत, दोनचार दगड खिशात घालून नेत. साहेबाला जे सांगायचं तेच बुवा दुसरबीडच्या शेतकऱ्यालाही सांगत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. फक्त मध्ये कुणी तोंड घातलं की त्यांचा धागा तुटे, आणि मग ते पार पहिल्यापासून सुरू करत.

त्या दिवशी बुवांच्या वाट्याला तिघं आली होती. दुसरबीडचे उकंडराव, त्यांची बायको तानुबाई, आणि मेहकराकडच्या हिवऱ्याच्या गोजरबाई. बुवांनी तिघांकडे एकदा पाहिलं आणि नातं ओळखलं: जावई, लेक आणि सासू. विचारण्याची तसदी काही घेतली नाही.

गोजरबाई उकंडरावांच्या सासू होत्या खऱ्या, पण तानुबाईच्या आई नव्हत्या. त्यांची लेक अन्नपूर्णा, उकंडरावांची पहिली बायको. ती तापानं गेली आणि वर्षभरानं त्या घरात तानुबाई आली. बोहल्यावरून उतरताच रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला गेला. चांदीचा एवढासा पत्रा, त्यावर उमटवलेली एक बाई. नवं लुगडं आलं की ते आधी टाकाला लावायचं, गोडाधोडाचा पहिला घास त्याच्यापुढे धरायचा, मग आपण खायचा. गेलेलीचा मान आधी, नांदणारीचा नंतर.

असल्या टाकाचा दुसरीला राग येत असेल, असं लोकांना वाटतं. लोकांना काय, काहीही वाटतं. तानुबाईला सासू नव्हती, नणंद नव्हती, जाऊ नव्हती. उकंडराव उजाडायला शेतात जात ते दिवेलागणीला येत. दिवसभर त्या घरात बोलायला होता तो हा टाकच. जात्यावर बसली की ती टाकाला म्हणायची, "बाई, आज कालवनात मीठ जास्त झालं वं. तुह्या हातचं कसं होत होतं कोण जाणे." असं दोन वर्षं चाललं होतं, आणि दोघींचं एकदाही भांडण झालं नव्हतं.

अन्नपूर्णेला लोणारच्या धारेखाली एकदा न्हायचं होतं. दरसाल ती म्हणायची, आणि दरसाल उकंडराव म्हणायचे, "पुढच्या साली जाऊ, कापूस निंघाला का." कापूस दरसाल निघाला. लोणारला जाणं तेवढं राहिलं, आणि मग तीच राहिली नाही. परवा गोजरबाईंचा निरोप आला होता: माझ्या लेकीचं न्हाण राहून गेलं, टाक घेऊन लोणारले या. तानुबाई काय ते समजली. बोलावणं टाकाला होतं. तो तिच्या गळ्यात होता म्हणून तिनं यायचं, एवढंच.

पण गाडीत बसताना तिच्या मनात दुसरंच होतं. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. आणि तानुबाईला माहेरच नव्हतं. आईबाप लहानपणीच गेले. जळगाव जामोदकडे एक काका होते. काकूनं आधीच निरोप धाडला होता, की यंदा घर शाकारायला काढलंय, पाहुणा ठेवायची सोय नाही. कोणत्या महिन्यात येणार हे विचारायच्या आधीच धाडला होता. म्हणून बैलांच्या घुंगरांच्या नादात सगळी वाट तानुबाई एकच घोकत आली: गोजरबाईंनी एकदा नुसतं 'ये' म्हणावं. पण विचारायचं कसं? त्यांना हाक काय मारायची, हेही तिला ठाऊक नव्हतं. दोन वर्षांत लग्नाकार्यात चारदोनदा गाठ पडली, तेव्हा गोजरबाईंनी तिच्याकडे पाहिलं ते गळ्याकडे. तोंडाकडे कधी पाहिलं नाही.

आणि ती धार! दगडी गोमुखातून पाण्याचा जाड झोत सुटलेला आणि खाली कुंडात कोसळत असलेला. आवाज असा, की शेजारच्याचं बोलणं कळू नये. "ही गंगेची धार," बुवा ओरडून सांगू लागले, "काशीत सोडलेली काठी इथं निघाली. कितीही दुष्काळ पडो, ही आटत नाही. पूर्वी इथं लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली राहात असे. देवानं पायाच्या अंगठ्यानं झाकण उडवलं आणि..."

"झाकण कुठी पडलं, बुवा?" उकंडरावांनी विचारलं.

बुवा थांबले. डोळे मिटले. "ही गंगेची धार," त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. लवणासुराला त्या सकाळी दोनदा मरावं लागलं.

मग न्हाण. उकंडराव बुडी मारून वर आले. बायका पायऱ्यांकडे निघाल्या तसे बुवा गोजरबाईंना म्हणाले, "माय, लेकीचा हात धरा. शेवाळ फार आहे, आणि पोर दोन जिवांची दिसते."

उकंडराव पागोटं पिळत होते, ते तसेच पिळत राहिले. तानुबाईला वाटलं, आता गोजरबाई म्हणतील, ही माझी लेक नव्हे. पण त्यांनी नुसता हात पुढे केला. खरबरीत, हाडकुळा हात. तानुबाईनं तो धरला आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत सोडला नाही.

धारेखाली उभी राहिली तेव्हा पाण्याच्या मारानं तिचा जीव घाबरला. डोळे मिटून तिनं मनात म्हटलं, 'बाई, घे, न्हाऊन घे.' मग पोटावर हात धरून बाजूला झाली, आणि सवयीनं गळा चाचपला. टाक नव्हता. काळा दोरा तुटून तेवढा खांद्याला चिकटला होता.

तिनं ओला पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळला. लेकीचं न्हाण घालायला आई इतक्या लांबून आली, आणि हिनं लेकच पाण्यात टाकून दिली! कोण म्हणेल की दोरा तुटला? म्हणतील, पोट दिसायला लागलं तशी सवत जड झाली. गोजरबाई मागेच होत्या. कुंडात वाकून बराच वेळ ओंजळी भरत राहिल्या आणि मग पदराच्या टोकाला गाठ मारत वर आल्या. त्यांनी आपल्याकडे पाहिलं, असं तानुबाईला वाटलं.

विवरात उतरायची वाट झाडीतली आणि उताराची. बुवा पुढे, त्यांच्यामागे उकंडराव, मग दोघी. गोजरबाई पदराचं टोक मुठीत धरून छातीशी लावून चालत होत्या आणि पुटपुटत होत्या. पडक्या देवळापाशी थांबल्या, पुटपुटल्या. झाडावर मोर दिसला, थांबल्या, पुटपुटल्या. शब्द काही कळत नव्हते. तानुबाईला वाटलं, आपल्याला शाप देतायत, आणि तिला त्यांचा राग आला नाही.

तळ्याच्या काठी बुवांनी आपला ठेवणीतला खेळ काढला. चिमूटभर हळद तळहातावर घेतली, तळ्याचं खारं पाणी तिच्यावर शिंपडलं, आणि बघता बघता हळदीचं लालभडक कुंकू झालं. उकंडराव विचारणार होते, काऊन असं होते म्हणून, पण लवणासुर आठवून गप्प बसले. "देवीची कृपा," बुवा म्हणाले. "माय, लावा आपल्या हातानं लेकीला."

गोजरबाईंनी बोट बुडवलं. तानुबाईच्या कपाळाला लावलं. मग मंगळसूत्राच्या वाट्यांना लावायला त्यांचा हात गळ्याकडे आला, आणि तानुबाईनं दोन्ही हातांनी पदर आवळून धरला. गोजरबाईंचा हात हवेतच थांबला. क्षणभरानं त्यांनी तो मागे घेतला आणि बोट स्वतःच्या लुगड्याला पुसलं. मग एकट्याच पाण्यापर्यंत गेल्या, पदराचं टोक उराशी धरून तळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. देवळाची घंटा वाजवून उकंडराव परत आले तरी त्या तिथंच होत्या.

परतीच्या चढावर मात्र गोजरबाई तानुबाईच्या पुढे झाल्या. वाटेवरच्या काटेरी फांद्या हातानं बाजूला धरत आणि ती पार होईपर्यंत सोडत नसत. एकदा नुसतं म्हणाल्या, "दमानं." तानुबाईला तो शब्द सोसेना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ज्या बाईनं आपल्याला 'ये' म्हणावं म्हणून आपण आलो, तिच्यापासूनच तोंड लपवून आपण चाललोय. माहेर मिळालं नाही तर नाही, पण हे असं नको.

धार आली तशी ती कुणाला न सांगता पायऱ्या उतरली, गुडघाभर पाण्यात शिरली आणि दोन्ही हातांनी तळ चाचपू लागली. उकंडराव धावले. "अवं, काय शोधून राह्यली? पडशीन ना!"

"टाक पडला," ती ओरडून म्हणाली. धारेच्या आवाजात ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता, आणि एकदा ओरडल्यावर तिचं भय गेलं. "मी काढला नाई वो! दोरा तुटला. मघाच तुटला आन् मी भेली, बोलली नाई."

"मंग निंघ बाहीर," उकंडराव म्हणाले. "पडला तर पडला. दुसरा करून घेऊ."

"दुसरा?" तानुबाईनं नवऱ्याला जन्मात पहिल्यांदा उलट विचारलं. "बाई का दुसरी भेटते काय? दोन वर्सं मी कोनासंग बोलली मंग?" आणि मग तिच्या ध्यानात आलं, की त्या घरातली दुसरी ती स्वतःच आहे. ती पाण्यात तशीच उभी राहून रडू लागली.

गोजरबाई पायऱ्या उतरून आल्या. "निंघ बाहीर," त्या म्हणाल्या. "पाणी थंड हाय. पोटातल्याले सोसनार नाई." तिला हाताला धरून पायरीवर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, आणि पदराची गाठ सोडली. आत टाक होता.

"तुह्या गळ्यातून सुटला तो माह्या पायापाशी आला," त्या म्हणाल्या. "तवाच देनार होती तुले. मंग वाटलं, माह्या अन्नपूर्णेले लोनार पाहाचं होतं. अर्धा दिस मीच घेऊन हिंडतो. लहानपनी कडेवर घेऊन हिंडत होती, तसं. सारं दाखवलं तिले. देवळं दाखवली, मोर दाखवला, हळद लाल झाली थे दाखवलं." त्यांनी डोळे पुसले. "तू भेली थे दिसत होतं मले. पन माह्या हातून सुटेच ना वं. मले माफ कर, पोरी."

उकंडराव वरच्या पायरीवर मटकन बसले, पागोटं मांडीवर घेऊन. "आनाले पाह्यजे होतं मी तिले, मामी."

"हाव," गोजरबाई म्हणाल्या. "आनाले पाह्यजे होतं."

उकंडरावांनी मांडीवरच्या पागोट्यात तोंड पुसलं.

तानुबाईनं डोळे पुसले आणि टाक बांधून घ्यायला मान वाकवली. पण गोजरबाईंनी टाक पुन्हा पदरात ठेवला आणि गाठ मारली. काढून घेतला, तानुबाईला वाटलं. म्हणजे आता आपलं यांच्याशी तेवढंही नातं उरलं नाही.

"आता नाई," गोजरबाई म्हणाल्या. "दोरा नवा लागंन. तवर हिवऱ्याले माह्या देवघरात राह्यते तो. सातवा लागला का घ्यायले ये."

"घ्यायले?"

"आन् घेतला का लगे पळायचं नाई. बाळंत हो, बारसं करू, मंग जाय." त्यांनी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "दोघी लेकी एका घरी राहान. मले तरी कोन हाय दुसरं?"

तानुबाईनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "हाव, माय," एवढंच तिला म्हणता आलं, आणि ते धारेच्या आवाजात गोजरबाईंना ऐकू गेलं की नाही कोण जाणे. त्यांनी तिच्या पाठीवरून हात मात्र फिरवला.

वैजनाथबुवा वर ताटकळत होते. जेवणाची वेळ टळून चालली होती आणि त्यांचा शिरस्ता मोडला होता. "मी सकाळीच म्हटलं होतं," ते कुरकुरले, "शेवाळ आहे, लेकीचा हात धरा म्हणून." मग त्यांनी घसा साफ केला आणि ही गंगेची धार कुठून येते ते, येताजाता सांगायचंच असतं म्हणून, पहिल्यापासून सांगायला घेतलं.

धर्मशाळेपुढे दोन गाड्या जुंपलेल्या होत्या, एक हिवऱ्याकडे तोंड करून, एक दुसरबीडकडे. गोजरबाई चढून बसल्या. तानुबाईचा हात सवयीनं गळ्याशी गेला, बाईशी काही बोलावं म्हणून. गळा मोकळा होता. तशी ती गाडीच्या चाकाशी गेली, गोजरबाईंच्या पदराच्या गाठीला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, "बाई, तू हो पुढं. मी येतोच मागून."