आत्याच्या सहाशे चाळीस वाक्यांचा बॅकअप

आत्याचा आवाज परत मिळाला. सहाशे चाळीसपैकी सहाशे अकरा वाक्यं, स्वच्छ आणि खणखणीत. आता हे मी तुम्हाला सांगितलंच नाही असं धरून चाला. पुढचं सगळं ज्याच्यावर गुदरलं त्याला, म्हणजे मला, तेव्हा हे माहीत नव्हतं. आणि मी घामाघूम असताना तुम्ही निवांत बसून वाचावं हे मला पटत नाही.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. एकोणतीस वर्षं तिने बसस्थानकावर घोषणा केल्या. कुठली बस फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार आणि कुठली येणारच नाही, हे सगळं ती एकाच सुरात सांगायची. घरातही तोच सूर. "कृपया इकडे लक्ष द्या, दूध उतू जात आहे," असं ती म्हणाली की आई गॅसकडे धावायची. आत्या जागची हलायची नाही. घोषणा करणाऱ्याने बस चालवायची नसते, असं तिचं म्हणणं.

मग तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, आधी इतर उपाय करून बघू. नाहीच जमलं तर स्वरयंत्र काढावं लागेल आणि बोलणं थांबेल. तोपर्यंत रोज लागणारी वाक्यं रेकॉर्ड करून ठेवा, नंतर टॅबवर बटण दाबलं की तुमच्याच आवाजात वाजतील. आत्याने वही काढली, रेघा मारल्या आणि उरलेल्या आयुष्याला पुरतील अशी सहाशे चाळीस वाक्यं लिहून त्यांना क्रमांक दिले. क्रमांक एक, "कोण आहे?" क्रमांक सतरा, "पंखा एकने कमी कर." क्रमांक दोनशे चार, "मी झोपलेली नाही, डोळे मिटून ऐकते आहे." क्रमांक दोनशे पाच, "मी झोपले होते." पाचशे एकाहत्तर ते पाचशे नव्वद ही वाक्यं फक्त बाबांसाठी राखीव होती आणि त्यांतलं एकही इथे छापण्यासारखं नाही.

एकवीस रविवार ती घरच्या कॉम्प्युटरसमोर ताठ बसून बोलली. रेकॉर्डिंगचं बटण दाबायला मी. मी टाइल्सच्या शोरूममध्ये विक्रेता आहे, पण एकदा मी ह्या कॉम्प्युटरचं चुकलेलं घड्याळ बरोबर लावलं होतं आणि तेव्हापासून घरात मला 'तज्ज्ञ' म्हणतात. मी कधी नाही म्हटलं नाही. फुकटची पदवी कोण परत करतं?

काम संपलं की आत्या विचारायची, "बॅकअप घेतलास का?"

मी म्हणायचो, "हो."

खरी परिस्थिती अशी होती. पहिल्याच रविवारी कॉम्प्युटर म्हणाला, जागा संपत आली. मी शोधाशोध केली तेव्हा डिस्कच्या एका कोपऱ्यात 'रिकव्हरी' नावाचा एक भाग सापडला. सहा वर्षांत त्याने काडीचं काम केल्याचं दिसत नव्हतं. मी त्याला पुसून टाकलं आणि रिकाम्या झालेल्या जागेला 'बॅकअप' असं नाव दिलं. त्याच डिस्कवर. म्हणजे तिजोरीची जादा किल्ली तिजोरीतच ठेवायची आणि वर तिजोरी नीट लावली म्हणून स्वतःची पाठ थोपटायची. त्या बॅकअपमध्ये मी पहिल्या रविवारची तीस वाक्यं टाकली. पुढचे वीस रविवार नुसतं "हो" टाकलं.

इतर उपाय जमले नाहीत. आत्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र गेलं. ती दवाखान्यात असताना तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटर कसलीतरी सुधारणा करत बसला होता, ती बाबांनी भिंतीवरचं बटण बंद करून थांबवली.

"तापला होता रे," बाबा म्हणाले. "म्हटलं, घेऊ दे जरा विश्रांती."

त्यानंतर तो उठेचना. पडद्यावर आलं की स्वतःला दुरुस्त करण्यासाठी मला माझा रिकव्हरीचा भाग हवा आहे आणि तो सापडत नाही. तो कुठे गेला हे घरात फक्त मला ठाऊक होतं.

इथे थांबायला हवं होतं. मी कामावरून नव्या सिस्टिमचा पेनड्राइव्ह आणला. पडद्याने विचारलं, ह्यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं? मी 'हो' दाबलं. सवय. अकरा टक्के काम झालं तेव्हा आई पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि सहज म्हणाली, "अरे, वन्संचं ते सगळं बोलणं ह्यातच होतं ना?"

मी वायर उपटली.

आत्या घरी आली. गळ्याला पट्टी, हातात लिहून पुसायची पांढरी पाटी. पहिल्या दिवशी तिने टॅबकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, चार्ज होतोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, कव्हर यायचंय. तिसऱ्या दिवशी म्हटलं की टॅब आणि कॉम्प्युटर ह्यांचं सध्या जुळत नाही, आणि हे म्हणताना मी कुणाच्यातरी लग्नाबद्दल बोलावं तसा गंभीर चेहरा केला. चौथ्या दिवशी तिने पाटी माझ्यासमोर धरली. टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"बस उशिरा आहे हे मी एकोणतीस वर्षं सांगितलंय. रद्द झाली असेल तर तसं सांग."

मी सांगितलं. रिकव्हरी, बॅकअप, अकरा टक्के, सगळं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत गेली. बाबा पेपर वाचत होते, त्यांनी पेपर उलटा नव्हता तरी सरळ केला. आत्याने पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मला वाचता येण्याआधीच पुसलं. मग तिने पाचशे चौऱ्याहत्तर क्रमांकाचं वाक्य लिहून काढलं. ते आजवर फक्त बाबांसाठी होतं. बाबांनी ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि सावकाश मान डोलावली, जशी वारसाहक्काची कागदपत्रं पुढे सरकवताना डोलावतात.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुरुस्तीवाल्या बाई लोहचुंबकाच्या वाटीत स्क्रू जमवत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "बॅकअप?"

"होता."

"कुठे?"

"ह्याच्यातच."

"आणि रिकव्हरी?"

"पुसली."

"का?"

"जागा हवी होती."

"कशाला?"

"बॅकअपला."

बाईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. शेजारी प्रिंटर घेऊन आलेले गृहस्थ ह्या क्षणापासून थोडे आनंदी दिसायला लागले.

"तुम्ही काय करता?"

"टाइल्स विकतो."

"बऱ्या विकता?"

"बऱ्या विकतो."

"मग तेच करा." त्यांनी पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "वायर उपटल्यावर आणखी काही केलंत?"

"नाही. पुढे काय करायचं ते कळत नव्हतं."

"ह्यात तेवढं एकच चांगलं झालंय."

त्यांनी मूळ डिस्कला हात न लावता आधी तिची जशीच्या तशी नक्कल केली आणि त्या नकलेत आवाजाचे तुकडे शोधत राहिल्या. नऊ दिवस लागले. दरम्यान कॉम्प्युटरला नवी डिस्क बसवली, सिस्टिम टाकली, पुसलेला रिकव्हरीचा भाग पुन्हा तयार केला आणि शिवाय एका वेगळ्या पेनड्राइव्हवर तीच सोय करून दिली. मग मला खुर्चीवर बसवून त्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायला लावला. एकदा झाल्यावर म्हणाल्या, "पुन्हा." प्रिंटरवाले गृहस्थ तेव्हाही आले होते. त्यांचा प्रिंटर केव्हाच दुरुस्त झाला होता.

"रिकव्हरी आहे असं तोंडाने म्हणायचं नसतं," बाई म्हणाल्या. "चालवून बघायची असते. बॅकअपचंही तेच."

मी "हो" म्हणणार होतो. मान हलवली.

सहाशे अकरा तुकडे मिळाले, पण सगळे बिननावाचे. आत्याला धीर नव्हता, म्हणून ते तसेच ओळीने टॅबमध्ये भरले. संध्याकाळी तिला पाणी हवं होतं. तिने पाण्याचं बटण दाबलं आणि टॅब तिच्या भारदस्त आवाजात म्हणाला, "जावईबापूंना माझा नमस्कार सांगा." आमच्या घरात जावई नाही. ते वाक्य तिने का भरलं होतं हे आम्ही विचारलं नाही. आईने पाणी आणलं. आत्याने आभाराचं बटण दाबलं. टॅब म्हणाला, "ही काय वेळ आहे यायची?"

म्हणून मग एकेक तुकडा ऐकून, आत्याच्या वहीत बघून, त्याला नाव द्यायचं काम मी अंगावर घेतलं. कामावरून आल्यावर दोन आठवडे तेच. तिथे मला ते सापडलं. प्रत्येक रविवारचं शेवटचं रेकॉर्डिंग मी जरा उशिराच थांबवत असे. त्यामुळे वाक्य संपल्यावर थोडी शांतता, खुर्चीची करकर, आणि मग आत्याचा आवाज, "बॅकअप घेतलास का?" आणि मग माझा.

एकवीस वेळा. पहिल्या रविवारी मी म्हणतो, "हो आत्या, घेतला की, काळजी करू नकोस." सहाव्या रविवारी, "हो घेतला." बाराव्यापासून नुसतं "हो." अठराव्या रविवारी मी काहीतरी खात खात "हो" म्हणतो आहे. विसाव्या रविवारी तिचा आवाज बसलेला आहे, प्रश्न विचारताना मध्ये तिला खोकला येतो, आणि तिचा प्रश्न संपायच्या आत माझं "हो" येऊन गेलेलं आहे.

मी टॅब घेऊन तिच्याकडे गेलो. "आत्या, शेवटी थोडा फालतू भाग राहिलाय. तेवढा कापून टाकू का?"

तिने तो भाग ऐकला. मग दुसरा. मग एकवीसच्या एकवीस, शिस्तीत. मी उभाच होतो. तिने लिहिलं, "कापू नकोस. प्रश्न माझा आहे."

त्यानंतर बॅकअपचा आराखडा तिने स्वतः ठरवला. तीन प्रती. एक कॉम्प्युटरमध्ये. दुसरी वेगळ्या डिस्कवर, आईच्या कपाटात चादरींखाली, आणि काम झालं की वायर काढलेली. तिसरी घराबाहेर. ती बसस्थानकावर आहे. तिथल्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाई आत्याच्या जुन्या मैत्रीण; त्यांनी ती हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात, छत्र्या आणि एका कवळीच्या मधोमध ठेवली आहे. वर चिठ्ठी आहे, 'मालक माहीत आहे.' दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आत्या मनाला येईल तो क्रमांक सांगते. मी तो चादरींखालच्या प्रतीतून रिकाम्या टॅबवर उतरवून सगळ्यांसमोर वाजवून दाखवतो. मग ती त्या न कापलेल्या भागाचं, सगळ्यात शेवटचं बटण दाबते. टॅब विचारतो, "बॅकअप घेतलास का?" आणि टॅबमधलाच मी म्हणतो, "हो." मग सगळे बाहेरच्या माझ्याकडे बघतात.

"ह्याच्या होकाराला आता सहीशिक्का लागतो," बाबा म्हणतात.

"लागू नये का?" आई म्हणते. "सरकारी कामाला लागतो, मग वन्संच्या आवाजाला नको?"

न मिळालेली एकोणतीस वाक्यं राहिली. आम्ही वही घेऊन बसलो. "पडदा ओढ," तिने फुली मारली, म्हणजे हे नसलं तरी चालेल. "आज मंगळवार का?" फुली. "टीव्हीतल्या बाईला काही कळत नाही," थोडा विचार करून फुली. मग पेन तीनशे अठ्ठ्याऐंशीपाशी आलं. वहीत तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, "असू दे रे, होतं असं."

आत्याने ती ओळ वाचली. मीही वाचली. पाटी तिच्या मांडीवर होती, पेन हातात होतं, लिहायला काहीच अडचण नव्हती. मी वाट पाहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चौथ्या किकला चालू झाली आणि निघून गेली. आत्याने फुली मारली नाही. तिने पुढच्या ओळीवर पेन टेकवलं.

मी त्याच आठवड्यात अर्ज लिहिला. तो तिच्या वहीत ठेवला आहे. तिने वाचल्याची खूण नाही, न वाचल्याचीही नाही.

प्रति,
माननीय आत्या,
घोषणा विभाग (निवृत्त).

विषय: वाक्य क्रमांक ३८८ पुन्हा मिळण्याबाबत.

महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर वाक्य अर्जदाराच्या निष्काळजीपणामुळे व एकवीस खोट्या होकारांमुळे नष्ट झाले असून त्याची प्रत कॉम्प्युटर, चादरींखालील डिस्क अथवा हरवलेल्या वस्तूंचे कपाट यांपैकी कोठेही उपलब्ध नाही. पाटीवर लिहिलेली प्रत अर्जदाराने मागितलेली नाही. तसे मागण्याचा स्वतःस अधिकार नाही याची त्यास जाणीव आहे. तरी सदर वाक्य मूळ आवाजात, आपल्या सवडीने, एकदाच ऐकवण्यात यावे, ही नम्र विनंती.